बहात्तर लाख अंकांची स्वयंभू संख्या

दोन ही संख्या स्वतःशीच २,४०,३६,५८३ वेळा मांडून गुणाकार केला आणि उत्तरातून एक वजा केला, तर येणारी संख्या ७२,३५,७३३ अंकी असते. तिचे पहिले चार अंक २९९४ आणि शेवटचे तीन अंक ४०७. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. म्हणजेच ती मूळ संख्या आहे. १५ मे २००४ रोजी अमेरिकेतील जॉश फिंडले यांच्या संगणकाने हे दाखवून दिले, तेव्हा जगाला ज्ञात असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या ठरली. हा मान तिच्याकडे फार काळ राहिला नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये तिच्याहून मोठी संख्या सापडली. तथापि २००६ साली तिचा आणखी एक गुणधर्म समोर आला आणि त्या गुणधर्माचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळाशिक्षकाच्या वहीत होते. द. रा. कापरेकर हे त्या शिक्षकाचे नाव, आणि ‘स्वयंभू संख्या’ ही त्यांची कल्पना.

संख्येचा आकार

बहात्तर लाख अंक म्हणजे किती, याची कल्पना करणे कठीण आहे. दर सेकंदास एक अंक या वेगाने, दिवसरात्र न थांबता कोणी ही संख्या वाचून दाखवू लागला, तर त्याला जवळजवळ ८४ दिवस लागतील. प्रत्येक अंकास अर्धा सेंटिमीटर जागा देऊन ती कागदाच्या पट्टीवर लिहिली, तर पट्टीची लांबी ३६ किलोमीटरच्या वर जाईल. परभणी जिल्ह्यातील ताडकळस गावातून ही पट्टी उलगडत निघालो, तर जिल्ह्याचे ठिकाण आले तरी ती संपणार नाही.

हीच संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ शून्य आणि एक हे दोन अंक वापरून लिहिली, तर तिचे रूप अगदी साधे होते. २,४०,३६,५८३ वेळा ओळीने ‘एक’ लिहायचा, बस्स. दशमान पद्धतीत जिच्या अंकांत कोणतीही संगती दिसत नाही, ती द्विमान पद्धतीत एकाच अंकाची सरळ रांग असते. संख्या तीच, लिहिण्याची रीत तेवढी वेगळी. हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण या संख्येच्या दोन गुणधर्मांपैकी एक लेखनपद्धतीवर अवलंबून नाही आणि दुसरा पूर्णपणे अवलंबून आहे.

मर्सेन यांची यादी

दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्यांना ‘मर्सेन संख्या’ म्हणतात. मारें मर्सेन (१५८८-१६४८) हे फ्रेंच धर्मोपदेशक. कोणते घातांक घेतले असता मूळ संख्या मिळते, याची यादी त्यांनी १६४४ साली प्रसिद्ध केली. तीत ६७ आणि २५७ हे दोन घातांक चुकून आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे तीन राहून गेले होते. तरीही त्यांचे नाव या संख्यांना कायमचे चिकटले.

घातांक स्वतः मूळ असल्याखेरीज मर्सेन संख्या मूळ असू शकत नाही. परंतु घातांक मूळ असला म्हणजे काम झाले, असेही नाही. घातांक २, ३, ५ आणि ७ घेतले असता अनुक्रमे ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्या मिळतात. घातांक ११ घेतला की २०४७ मिळते आणि ती २३ गुणिले ८९ असते. पुढे या संख्या फार विरळ होत जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली, १३,६२,७९,८४१ घातांकाची आणि ४,१०,२४,३२० अंकी संख्या ही त्या वेळी ज्ञात असलेली बावन्नावी मर्सेन मूळ संख्या होती. आपली बहात्तर लाख अंकी संख्या या मालिकेत आकाराच्या क्रमाने एकेचाळिसावी आहे.

अशा प्रत्येक संख्येशी एक ‘परिपूर्ण संख्या’ही जोडलेली असते. आपल्याहून लहान सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते, ती परिपूर्ण संख्या. उदाहरणार्थ ६ म्हणजे १, २ आणि ३ यांची बेरीज. तीन या मर्सेन मूळ संख्येपासून ६, सातपासून २८ आणि ३१ पासून ४९६ ही परिपूर्ण संख्या मिळते. ही रीत युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केली होती.

भागाकार न करता परीक्षा

एवढ्या मोठ्या संख्येचे विभाजक एकेक करून तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. येथे उपयोगी पडते ती फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेली आणि अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी १९३० च्या दशकात सुधारलेली परीक्षा. तिची रीत शाळेतल्या मुलालाही समजेल अशी आहे. चारपासून सुरुवात करायची. प्रत्येक पायरीला हातातील संख्येचा वर्ग करून त्यातून दोन वजा करायचे आणि उत्तरास मर्सेन संख्येने भागून केवळ बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. न आली, तर संयुक्त.

घातांक ५ असलेल्या ३१ चे उदाहरण घेऊ. पायऱ्या तीन. चारचा वर्ग १६, वजा दोन म्हणजे १४. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन म्हणजे १९४. यास ३१ ने भागून बाकी ८. आठचा वर्ग ६४, वजा दोन म्हणजे ६२. यास ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ आहे.

फिंडले यांच्या संगणकाने हेच केले. फरक एवढाच, की पायऱ्या २,४०,३६,५८१ होत्या आणि प्रत्येक पायरीला लक्षावधी अंकांचा वर्ग करायचा होता. पेंटियम-४ जातीच्या साध्या संगणकास त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागले. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या प्रकल्पात जगभरातील स्वयंसेवक आपल्या संगणकांचा मोकळा वेळ देतात. हा शोध त्या सामूहिक उद्योगाचेच फळ होते.

या संख्येचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. बँकांचे इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवण्यासाठी मूळ संख्या वापरल्या जातात, हे खरे. पण त्या साधारण तीनशे अंकी असतात आणि त्यांचे मोल त्या कोणास ठाऊक नसण्यात असते. लाखो अंकांची, साऱ्या जगाला ठाऊक असलेली संख्या त्या कामाची नाही. संगणकांची आणि गणनपद्धतींची कसोटी पाहणे, एवढाच या शोधाचा प्रत्यक्ष लाभ.

देवळालीचे कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेऊन ते १९३० पासून देवळालीत शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यापुढील शिक्षण किंवा संशोधनाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

सर्वसामान्य वाचकांना कापरेकर माहीत असतात ते ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी आणि हीच क्रिया उत्तरावर करीत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. उदाहरणार्थ, २००४ घेतल्यास ४२०० वजा ००२४ म्हणजे ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. स्वयंभू संख्येची कल्पना त्या मानाने कमी प्रसिद्ध आहे. परंतु तिच्यातून निघालेले प्रश्न अधिक खोल आहेत.

जनक आणि स्वयंभू

कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ घेतली तर २ आणि ३ मिळून ५, म्हणून २३ अधिक ५ म्हणजे २८. येथे २३ ही २८ ची ‘जनक’ झाली. २८ पासून ३८, ३८ पासून ४९, अशी वंशावळ पुढे चालू राहते. काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ अधिक १० म्हणजे १०१ आणि १०० अधिक १ म्हणजेही १०१. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १,००,००,००,००,००,००१ म्हणजे दहाचा तेरावा घात अधिक एक ही आहे, हे कापरेकरांनी शोधून काढले. तेही संगणकाशिवाय.

याउलट काही संख्यांना जनकच नसतो. त्या कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाहीत. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटले आणि आपल्या गावावरून ‘देवळाली संख्या’ असेही नाव दिले. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ या शंभरपर्यंतच्या तेरा स्वयंभू संख्या होत. पुढे त्यांचे प्रमाण साधारण दहात एक याहून किंचित कमी राहते. हे प्रमाण शून्याकडे घसरत नाही, हे इटलीचे उम्बेर्तो झानिएर यांनी १९८२ साली सिद्ध केले.

आता मर्सेन मूळ संख्यांना ही कसोटी लावून पाहू. ३, ७ आणि ३१ या तिन्ही स्वयंभू आहेत. पण १२७ नाही. १२२ मध्ये ५ मिळवले की १२७ येते. ८१९१ चा जनक ८१६८, १३१०७१ चा १३१०६० आणि ५२४२८७ चा ५२४२६४. ऑयलर यांनी १७७२ मध्ये मूळ ठरविलेल्या २१४७४८३६४७ या संख्येचाही जनक आहे, तो २१४७४८३६०६. सुरुवातीच्या तीन संख्यांनंतर ओळीने पाच संख्या जनक असलेल्या निघतात.

बहात्तर लाख अंकांची वंशावळ

मोठ्या संख्येचा जनक शोधण्यासाठी दोन साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पहिली शाळेतलीच आहे. कोणत्याही संख्येला नवाने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला नवाने भागल्यावरही उरते. आपल्या बहात्तर लाख अंकी संख्येची ही बाकी एक आहे. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांच्या बाक्या सारख्या असतात. दोन्ही मिळून एक उरायचा असेल, तर प्रत्येकीची बाकी पाचच असली पाहिजे (पाच आणि पाच दहा, नऊ वजा जाता एक). म्हणजे नवांतील आठ पर्याय तपासण्यापूर्वीच बाद होतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ७२,३५,७३३ अंकांपैकी प्रत्येक अंक नऊ जरी धरला, तरी अंकांची बेरीज ६ कोटी ५१ लाखांच्या आसपासच जाते. म्हणजे जनक असलाच, तर तो मूळ संख्येच्या मागे फार तर तेवढ्या अंतरावर असणार. बहात्तर लाख अंकांच्या संख्येतून आठ अंकी संख्या वजा केली, तर बदल सहसा शेवटच्या नऊ अंकांतच होतो. त्यांच्या डावीकडचे सारे अंक जसेच्या तसे राहतात. मग त्या न बदलणाऱ्या अंकांची बेरीज एकदाच करून ठेवावी. अंक समप्रमाणात विखुरलेले मानले, तर ती सव्वातीन कोटींच्या घरात येईल. शेवटच्या नऊ अंकांची बेरीज शून्य ते ८१ यांमध्येच असू शकते. म्हणजे तपासण्यासारखे पर्याय उरले केवळ ८२, आणि नवाची कसोटी लावली की त्यांतून नऊ किंवा दहा. कोट्यवधी शक्यतांचा डोंगर असा एका हाताने मोजण्याइतका खाली येतो.

ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवून दिले, की या संख्येला जनक नाही. त्या वेळी ज्ञात असलेल्या मर्सेन मूळ संख्यांपैकी स्वयंभू असलेली सर्वांत मोठी संख्या हीच ठरली. तिच्याहून मोठ्या तीन मर्सेन मूळ संख्या तोवर सापडल्या होत्या. पण त्या या कसोटीस उतरल्या नाहीत. मूळही आणि स्वयंभूही असलेल्या संख्यांची मालिका ३, ५, ७, ३१, ५३, ९७, २११ अशी सुरू होते. २००६ साली तिच्या ज्ञात टोकाशी ही बहात्तर लाख अंकी संख्या जाऊन बसली.

हे गणित की करमणूक?

या ठिकाणी एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. संख्या मूळ असणे हा तिचा स्वतःचा गुण आहे. ती दशमान पद्धतीत लिहा, द्विमान पद्धतीत लिहा किंवा खड्यांनी मोजा, ती मूळच राहते. स्वयंभू असणे मात्र दहा अंकांनी लिहिण्याच्या आपल्या सवयीतून येते. माणसाला बोटे बारा असती, तर स्वयंभू संख्यांची यादी वेगळी झाली असती. ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मधील आपल्या पुस्तकात अंकलेखनावर आधारलेल्या अशा गमतींना खऱ्या गणितात स्थान नाही, असे मत दिले होते. त्यासाठी त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या, आपल्या उलट्या रूपाच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट असलेल्या संख्यांचे उदाहरण घेतले होते.

कापरेकरांच्या कामाकडे भारतातील अनेक गणितज्ञांनी याच दृष्टीने पाहिले. त्यांचे लेखन बहुधा लहान नियतकालिकांतून आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. स्वयंभू संख्यांवरील पुस्तिका १९५९ आणि १९६३ मध्ये देवळालीहूनच निघाल्या. परिणामी, १९७४ साली बर्नार्दो रेकामान यांनी हाच प्रश्न एका अमेरिकन गणित मासिकात स्वतंत्रपणे मांडला, तेव्हा या संख्या ‘कोलंबियन संख्या’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि मगच देवळालीचे नाव जगाला कळले. आज दोन्ही नावे वापरात आहेत. ज्याचे काम चांगल्या नियतकालिकात छापले जात नाही, त्याच्या शोधाला दुसऱ्या देशाचे नाव पडते, हा यातला धडा आहे.

हार्डी यांचा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. पण त्याने कापरेकरांच्या प्रश्नाचे मोल संपत नाही. संख्यांपैकी किती स्वयंभू असतात, याचे उत्तर देण्यासाठी झानिएर यांना खरेखुरे गणित करावे लागले. बहात्तर लाख अंकांच्या संख्येला जनक नाही, हे ठरविण्यासाठी लागणारा युक्तिवादही विचारांचीच कमाई आहे. प्रश्न क्षुल्लक वाटला, तरी त्याच्या उत्तराची वाट क्षुल्लक नसते. शिवाय या प्रश्नाला महागडी साधने लागत नाहीत. मूळ संख्या शोधायला पेंटियम संगणकास दोन आठवडे लागले. स्वयंभू संख्या शोधायला ताडकळसच्या किंवा कोणत्याही गावच्या विद्यार्थ्यास पाटी-पेन्सिल पुरते. अंकगणितात नवा प्रश्न विचारण्यासाठी विद्यापीठाची पायरी चढावीच लागते असे नाही, हे कापरेकरांनी तीन दशके शाळेत शिकवीत सिद्ध केले.

वाचकांना पडताळा पाहायचा असेल, तर वर्षांच्या आकड्यांपासून सुरुवात करता येईल. कापरेकरांच्या जन्मवर्षाचा, १९०५ चा जनक १८८४ आहे. ही मूळ संख्या सापडली त्या २००४ चा जनक २००१. मात्र कापरेकरांची स्वयंभू संख्यांवरील पुस्तिका निघाली ते १९६३ आणि याच संख्यांना परदेशी नाव मिळवून देणारा प्रश्न छापला गेला ते १९७४, ही दोन्ही वर्षे स्वयंभू आहेत. २००७ हे वर्षही स्वयंभू होते आणि त्यानंतरचे पुढचे थेट २०२२. त्यापुढचे कोणते, ते ज्याने त्याने काढून पाहावे.